भुताबद्दल नको, गोष्टीबद्दल विचारा : सीमाभागातल्या संमेलन संयोजकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातल्या मराठी साहित्य संमेलनांची संयोजक मंडळं आणि गावोगावच्या वाचनालयांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

सुगी उरकली, गुऱ्हाळं पेटली की आपल्याकडे संमेलनांच्या बैठका सुरू होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी, माचीगड, एकेका गावानं वर्गणी काढून, घरची कामं बाजूला ठेवून ही संमेलनं टिकवली आहेत. पुण्या-मुंबईचा लेखक व्यासपीठावर चढतो आणि समोरची गर्दी बघून क्षणभर भाषण विसरतो, हेही नेहमीचंच. तेव्हा हे पत्र निव्वळ तक्रारीचं समजू नका. निम्मी तक्रार आहे, निम्मी हाताखाली राबायची तयारी आहे.

तक्रार अशी. कार्यक्रमपत्रिकेत भयकथेला जागा मिळते ती दोनच प्रकारांनी. एक, जेवणानंतर पेंगणाऱ्या मंडपाला जागं ठेवायला 'भुताच्या गोष्टी' म्हणून. दोन, एखाद्या गूढकथाकाराची प्रकट मुलाखत म्हणून, आणि ती घेणाऱ्यानं त्या लेखकाच्या पुस्तकांची फक्त मलपृष्ठं वाचलेली असतात. नंतर छापून येणारी परीक्षणंही त्याच वळणाची: निम्मी जागा कथानकाला, दोनदा 'थरकाप', एकदा 'अंगावर काटा', आणि शेवटी 'एका बैठकीत वाचून संपवावं असं पुस्तक'. आम्ही हे साहित्य वाचतो, त्यावर लिहितो, ते लिहिणाऱ्यांशी बोलतो. हे सुधारायला पैसा फारसा लागत नाही, पूर्वतयारी लागते. ती काय, ते तपशिलात मांडतो.

मुलाखतीच्या कागदावरून तीन प्रश्न आधी खोडा. "भुतं खरंच असतात काय?", "तुम्हाला असा काही अनुभव आलाय काय?" आणि "रात्री एकटेच लिहिता काय?" पहिल्याला 'हो' म्हटलं तर लेखक अंधश्रद्धाळू ठरतो, 'नाही' म्हटलं तर श्रोता हिरमुसतो, म्हणून तो एखादा ठरलेला विनोद टाकून सुटका करून घेतो. दुसऱ्या प्रश्नानं मंडपातले चार हात वर होतात आणि पुढची वीस मिनिटं कुणाच्या तरी आत्याला पिंपळाखाली काय दिसलं, यात जातात. तिसऱ्याचं उत्तर काहीही आलं तरी कथेबद्दल काडीचं कळत नाही.

पहिल्या प्रश्नाला आपल्या भागात आणखी एक धार आहे. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात कन्नड विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गींचा खून झाला. त्यानंतर श्रद्धा-अंधश्रद्धेवर भर सभेत विचारलेला प्रश्न नुसता गमतीचा राहिलेला नाही. कर्नाटकात अमानुष अनिष्ट प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा २०१७चा कायदाही आहे. त्याचा रोख फसवणुकीवर आणि माणसाला इजा करणाऱ्या प्रथांवर आहे, कल्पित कथेवर नाही. म्हणून भयकथा ठेवायला बिचकण्याचं कारण नाही. मात्र 'विषयाला धरून' म्हणून एखाद्या देवऋषाला प्रात्यक्षिकासाठी त्याच व्यासपीठावर बसवायची कल्पना कुणी काढलीच, तर तिथल्या तिथं मोडून काढा.

मग विचारायचं काय? भयकथाकाराकडे कारागीर म्हणून बघा. दार कुठं ठेवलं, बिजागरी कधी करकरते, हे त्याला विचारायचं. त्यासाठी मुलाखतकार दोन महिने आधी ठरवा आणि त्याच्या हातात लेखकाची दोन पुस्तकं द्या, एक सुरुवातीचं आणि एक अलीकडचं. प्रत्येक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा साध्या वाचकासारखं. दुसऱ्यांदा दिवसाउजेडी, पेन्सिल घेऊन. या दुसऱ्या वाचनात चार जागांचे पान क्रमांक टिपायचे: पहिली विपरीत खूण कुठं येते, ती कोणाच्या नजरेतून दिसते, ती दिसल्यावर लेखक कुठला साधा खुलासा पुढं करतो (वारा, मांजर, ताप, दारू), आणि तो खुलासा कोलमडतो ते पान. एवढ्यावरून कथेचा सांगाडा उघडा पडतो. समजा पहिली खूण सातव्या पानावर आहे आणि खुलासा कोलमडायला शंभरावं पान उजाडतं, तर मधली नव्वदेक पानं वाचकाला कशावर धरून ठेवलं? हा झाला तुमचा पहिला चांगला प्रश्न.

आणखी काही प्रश्न बहुतेक वेळा चालतात. कुठला प्रसंग लिहून झाल्यावर काढून टाकलात, आणि का? (यावर बोलायला लेखकांना मनापासून आवडतं, आणि हे सहसा कुणी विचारत नाही.) गोष्ट याच माणसाच्या तोंडून का सांगितली, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या का नाही? या बाधेला नाव का दिलं नाहीत? नावाचा मुद्दा बारीक आहे. 'हडळ' असा शब्द एकदा आला की वाचकाला उलटी पावलं, मोकळे केस, सगळं आयतं मिळतं आणि त्याची भीती ओळखीची होते. नाव लांबवलं तर ती अनोळखी राहते. आणि एक आमचा आवडता प्रश्न: कथेतल्या वाड्यात स्वयंपाकघरातून माजघरात जाताना वाटेत काय लागतं? ज्यानं वाडा डोक्यात नीट बांधलाय तो थेट सांगतो. ज्यानं नाही बांधला तो हसतो, आणि मग त्या हसण्यावर चांगली चर्चा होते.

प्रश्न एका वाक्याचा असावा. आपल्याकडे मुलाखतकार प्रश्नाआधी स्वतःचं छोटं भाषण करतो आणि लेखकाला शेवटी "बरोबर आहे" एवढंच म्हणायला उरतं. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात चारपर्यंत मोजा. त्या शांततेत लेखक पुन्हा बोलतो, आणि पुष्कळदा खरं उत्तर ते दुसरं असतं. लेखकाच्या घरातला मृत्यू, आजारपण, लहानपणची मारहाण यांचा कथेशी धागा दिसला तरी तो व्यासपीठावर पहिल्यांदा उपसायचा नाही. आदल्या दिवशी फोनवर विचारा. "नको" म्हणाले तर विषय तिथंच सोडा. आणि पुस्तकाचा शेवट मंडपात फोडायचा की नाही, हेही त्याच फोनवर ठरवून घ्या. लेखक स्वतःच बोलण्याच्या भरात शेवट सांगून टाकतात, आणि बाहेरच्या पुस्तकविक्रेत्याचा खप तिथंच बसतो.

पाऊण तासाच्या सत्रात तीस मिनिटं मुलाखत, पाच मिनिटं लेखकाकडून एक उतारा, दहा मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न. दहा प्रश्न तयार ठेवा, सहा होतील. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या. माइक गर्दीत गेला की परत यायला वेळ लागतो, आणि येतो तेव्हा बरोबर आत्याची गोष्टही येते.

कन्नडमध्ये लिहिणारे कथाकार आपल्या शेजारच्याच गल्लीत आहेत. त्यांना बोलवा, श्रोत्यांना निम्मं तर थेटच कळतं. दुभाषा ठेवणार असाल तर प्रश्नांचा कागद त्याला एक दिवस आधी द्या, आणि वेळ दुप्पट धरा: अर्ध्या तासात तीनच प्रश्न. इथं शब्दांचे सापळे आहेत. कन्नडमधला 'देव्व' म्हणजे भूत. घाईतल्या भाषांतरात तो मराठी 'देव' होऊन बसतो आणि सगळं वाक्य उलटं होतं. 'गाळी' म्हणजे वारा, पण 'गाळी लागली' म्हणजे बाधा झाली. मराठीत अंगात 'वारं येतं' ते बहुधा देवीचं असतं, तर 'वारं लागतं' ते बाहेरचं असतं. येणं आणि लागणं या दोन क्रियापदांत देव आणि भूत वेगळे होतात. दुभाषानं हे नीट सांगितलं तर तेवढ्यावरच पंधरा मिनिटं रंगतील. तसंच 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. दारावर असं लिहून ठेवलं की रात्री हाक मारणारी बाई ते वाचून परत जाते, रोज वाचते, रोज परत जाते, ही गोष्ट १९९०च्या दशकात कर्नाटकात गावोगाव पसरली होती. तिची कळ अशी की भुताला वाचता येतं आणि ते सांगितलेलं ऐकतं. मग आपल्या गल्लीत ती पाटी कुठल्या भाषेत लावायची? प्रश्न विनोदी आहे, पण त्यात इथं लिहिली जायला हवी अशी एक कथा आहे. एखाद्या लेखकाला विचारून बघा.

आता मंडप. सकाळच्या ग्रंथदिंडीत शाळेची मुलं असतात, लेझीम खेळून दमतात आणि मग पुढच्या रांगांत बसतात. दुपारी अडीचच्या सत्रात बालमृत्यू किंवा आत्महत्येवरचा उतारा वाचला गेला तर तो पहिल्यांदा त्या सातवी-आठवीच्या पोरांच्या कानावर पडतो. लेखकाला हे माहीत नसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सत्र संध्याकाळी साडेसहानंतर ठेवा, मुलं घरी गेल्यावर. उतारा कुठला, ते संयोजकांपैकी एकानं आधी वाचा. संध्याकाळचा दुसरा फायदा उघड आहे: पत्र्याच्या फटीतून ऊन येत असताना, मागं भांडी घासल्याचा आवाज चालू असताना कुणी घाबरत नाही.

ध्वनिवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. इको बंद. भुताची गोष्ट म्हटलं की तो आपणहून इको वाढवतो, आणि मागं कुत्र्याचं रडणं किंवा बासरी लावायची त्याची तयारी असते. उत्साह चांगला, पण इकोनं शब्दांची टोकं पुसली जातात, आणि भयकथेत घात शब्दाच्या टोकाशी असतो: "दार उघडं होतं" आणि "दार उघडं होतंच" यांतला फरक मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. माइक ओठांपासून चार बोटांवर, तोंडासमोर सरळ न धरता थोडा हनुवटीकडे, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईन गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला तर सूत्रसंचालकानं घाईघाईनं विनोद करू नये. तेवढा अंधार फुकट मिळालेला आहे.

ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करा, त्यांतलं एक टेबलावर लेखकाजवळ. फोन असेल तर विमान मोडवर, नाहीतर मधेच आलेल्या फोननं मुद्रण तुटतं. मुलाखत छापणार असाल तर ते मुद्रण सुरू होण्यापूर्वी लेखकाला सांगा. तासाभराचं मुद्रण कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, ते काम एका दमात एकाच पोराच्या गळ्यात घालू नका. तीस मिनिटांच्या बोलण्यातून तीन हजारांहून अधिक शब्द निघतात आणि छापायला जागा मिळते हजार-बाराशेची. तेव्हा कापायचं ते प्रश्नांतून, उत्तरांतून नंतर. लेखकाला मसुदा दाखवा, पण तपशील तपासण्यापुरता. बोललेलं नंतर गुळगुळीत करून मागणारे असतात, त्यांना नम्रपणे थांबवा.

भाषा मात्र तशीच राहू द्या. आपला माणूस "मी बघितलो", "मी ऐकलो" म्हणतो. पुण्याच्या हिशेबानं ते चूक, म्हणून मुद्रितशोधक "बघितलं" करून टाकतो, आणि बोलणारा माणूस कागदावरून नाहीसा होतो. भयकथेत तर ही चूक दुप्पट महागात पडते. "रात्री विहिरीत वाकून बघितलो की" असं सांगणारा निवेदक आपल्या शेजारचा असतो, त्याच्यावर विश्वास बसतो, आणि विश्वास बसला तरच पुढची भीती चालते. परीक्षणात अवतरण देतानाही हे शुद्ध करू नका.

सगळेच लेखक व्यासपीठावर खुलत नाहीत, आणि त्याला आपल्याच मातीतलं मोठं उदाहरण आहे. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) बेळगावात वाढले, धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि सभा-समारंभांपासून कटाक्षानं लांब राहिले. त्यांच्या कथांत भूत शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही, पण मराठीतला दाट काळोख म्हटलं की वाचक आधी त्यांच्याकडेच वळतो. असा माणूस पत्रांतून मात्र भरभरून बोलला. ती पत्रं पुढं खंडांच्या रूपानं छापून आली. तेव्हा लेखक "येत नाही" म्हणाला तर नाराज न होता लेखी मुलाखत मागा. एका वेळी दोनच प्रश्न पाठवा, उत्तर आलं की त्यातून पुढचे दोन. एकदम पंधरा प्रश्नांची यादी पाठवली की परत येतात ती परीक्षेतली उत्तरं. तीन-चार फेऱ्यांत काम होतं, महिना-दीड महिना लागतो. मग संमेलनात ती दोन चांगल्या वाचकांकडून वाचून घ्या.

आता परीक्षण. वाचनालयात नवी पुस्तकं आली की टिपण लिहायचं काम कुणावर तरी येतं, आणि त्याच्यापुढं पहिला प्रश्न असतो तो 'घाबरलो' यापलीकडं काय लिहायचं. यासाठी आपल्याकडं जुनं आणि फार धारदार हत्यार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. एकाचा स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना) भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस; एकाचा रंग काळा, दुसऱ्याचा निळा. आजच्या पुष्कळशा 'भय'कथा तपासल्या तर त्या निळ्या निघतात. पडताळा सोपा आहे. सगळ्यात भयंकर वाटलेला परिच्छेद घ्या, त्यातले रक्त, पू, आतडी, अळ्या, कुजका वास असले शब्द पेन्सिलीनं झाका आणि पुन्हा वाचा. उरलेल्या वाक्यांत अजून काही वळवळत असेल तर ते भय. काहीच उरलं नाही तर लेखकानं किळस दाखवून पैसे भयाचे घेतले. बीभत्स कमी दर्जाचा नव्हे, पण कुठला माल आहे हे वाचकाला सांगायला हवं. तिसरा शेजारी अद्भुत, स्थायीभाव विस्मय. चांगली गूढकथा बहुधा भय आणि विस्मय यांच्या बांधावरून चालते. नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त यानं भयानकाच्या चर्चेत शाकुंतलातलं पळणारं हरीण घेतलं आहे, मान वळवून मागच्या रथाकडं बघत धावणारं. ते भय हरणाचंही राहत नाही आणि आपलंही होत नाही, नुसतं भय म्हणून समोर उभं राहतं. एखादी कथा तिथवर पोचली का, हे लिहिता आलं तर परीक्षण झालं.

सातशे शब्दांच्या परीक्षणात कथानकाला दीडशेच्या वर शब्द देऊ नका, आणि पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काही सांगू नका. मग शेवटाबद्दल लिहायचंच नाही का? लिहायचं, पण तो काय आहे ते न सांगता तो काय करतो ते सांगायचं. दुसऱ्या वाचनात टिपलेले पान क्रमांक इथं कामाला येतात. शेवटाकडं नेणाऱ्या खुणा आधी पेरलेल्या होत्या का? चकवा आणि फसवणूक यांत फरक आहे. चकव्यात वाट पायाखालीच असते, आपल्याला ती सापडत नाही. फसवणुकीत वाटच नसते. लेखक शेवटच्या पानावर आयता मांत्रिक आणतो, किंवा सगळं स्वप्न होतं म्हणतो. एवढं लिहिलं तर स्पॉयलर होत नाही आणि वाचकाला हवं ते कळतं.

परीक्षणाच्या डोक्यावर लेखक, प्रकाशन, आवृत्तीचं वर्ष, पानं, किंमत हे असतंच. त्यात एक भर घाला, कथा पहिल्यांदा कुठं आणि कधी छापली. मराठीतल्या पुष्कळ भयकथा आधी दिवाळी अंकांत आलेल्या आहेत, 'नवल'सारखे अंक त्यासाठीच ओळखले जात. संग्रह आजचा आणि कथा चाळीस वर्षांपूर्वीची, हे माहीत नसलं की परीक्षक "नायक मोबाइल का वापरत नाही" असं विचारून बसतो. दुसरी तपासणी रूपांतराची. भयकथाकार नारायण धारपांच्या 'लुचाई'मागं स्टीफन किंगची १९७५ची इंग्रजी कादंबरी 'सेलम्स लॉट' आहे, हे जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. यात 'चोरी पकडली' असा सूर लावण्यात हशील नाही. बघायचं ते असं: परक्या मुलखातली भीती आपल्या गावात आणताना काय बदलावं लागलं? तिथं ज्या वस्तूला दुष्ट शक्ती घाबरते तिच्या जागी इथं काय ठेवलं, आणि ते वाचकाला पटतं का? पुस्तकावर 'आधारित' असं छापलं आहे का, तेही नोंदवा.

एका गोष्टीकडं परीक्षक हमखास डोळेझाक करतात: भूत कोण होतं? मुंजा हा मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. हडळ ही बहुधा बाळंतपणात किंवा इच्छा राहून गेलेली बाई. लोककथेतल्या भुताला जात असते, लिंग असतं, आणि त्यामागं कुणावर तरी झालेला अन्याय असतो. कथा तो अन्याय दाखवते, की नुसती त्या बाईचे केस मोकळे सोडते? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवर फार टोकदार होतो. गळ्यात माळ, हातात चौंडकं घेतलेली जोगतीण कथेत आली की ती चेटकीणच असते, असा एक आळशी साचा रूढ आहे. देवदासी सोडण्याविरुद्ध कर्नाटकानं १९८२ सालीच कायदा केला, आणि त्या प्रथेतून गेलेल्या बायका आपल्या गावांत राहतात, तुमच्या मंडपातही बसतात. अशा कथेचं परीक्षण लिहिताना 'वातावरणनिर्मिती उत्तम' एवढं लिहून सुटता येणार नाही.

वाचकाला आधी सावध करणारी एक ओळ परीक्षणाखाली असावी: 'या पुस्तकात लहान मुलांवरची हिंसा / लैंगिक हिंसा / आत्महत्या आहे.' एवढंच, कुठं आणि कशी ते नको. आत्महत्या कथेच्या केंद्रस्थानी असेल तर पद्धतीचं वर्णन परीक्षणात उतरवू नका आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक खाली द्या. यानं भीतीची मजा जाते अशी ओरड होते. कशाची भीती वाटणार हे कळल्यानं भीती कमी होत नाही, हे जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या कुणालाही विचारा.

ओळखीच्या लेखकाचं पुस्तक असेल तर तसं एका वाक्यात सांगून टाका. बेळगावात सगळेच सगळ्यांच्या ओळखीचे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पुस्तक मात्र विकत घ्या किंवा प्रकाशकाकडं परीक्षणाची प्रत मागा. फोनवर फिरणाऱ्या पीडीएफवरून परीक्षण लिहू नका. त्यांत पानं गळालेली असतात, आणि भयकथेत गळालेलं पान सापडतच नाही, कारण वाचकाला वाटतं लेखकानं मुद्दामच सांगितलेलं नाही.

यंदा तुमच्याकडून एवढंच हवं. प्रत्येक संमेलनात पाऊण तासाचं एक सत्र, संध्याकाळी, भय आणि गूढ साहित्यासाठी. मुलाखतकाराचं नाव अध्यक्षांच्या नावाबरोबरच ठरवा. त्याला शाल-श्रीफळ दिलं नाही तरी चालेल, त्या पैशांतून लेखकाची पुस्तकं आधी घेऊन द्या. संमेलन झालं की ती वाचनालयात जमा करा, पेन्सिलीच्या खुणांसकट. पुढच्या वाचकाला त्या उपयोगी पडतात. वाचनालयांनी एक दोनशे पानी वही भयकथांच्या कपाटाला दोरीनं बांधून ठेवावी, परत करणाऱ्यानं चार ओळी लिहाव्यात, शेवट न फोडता. ज्या गावाला मुलाखतकार सापडत नसेल, किंवा सापडलेला पुस्तक उघडायला तयार नसेल, तिथं आमच्यापैकी कुणीतरी येईल. प्रवासखर्च नको. जेवण मात्र सत्राच्या आधी नको, नंतर द्या.

आणि हो, व्यासपीठावरचा पंखा उतारा वाचून होईपर्यंत बंद ठेवायला सांगा. त्याची घरघर माइकमध्ये येते.

कळावे,
भय आणि गूढ साहित्य वाचणारे व त्यावर लिहिणारे काही जण,
बेळगाव, खानापूर, निपाणी